तलावाचं शेवटचं पाणी

मंगरू, तुझ्या तेरवीला कोदोचा, भरड धान्याचा, भात होता. सखूवहिनीला त्याची लाज वाटत होती. जेवायला बसलेल्या प्रत्येकापाशी जाऊन ती सांगत होती, घरात धान नाही, गावात मागून पाहिलं, तेही मिळालं नाही. त्या पंगतीत ज्याच्या घरी पोटापुरतं धान आहे असा माणूसच नव्हता. मी खाली मान घालून जेवलो आणि घरी आलो. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं आहे. म्हणून शाळेत शिकलेली चार अक्षरं कामाला लावून हे लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू असताना हा कागद तुझ्या हातात दिला असता तर तू तो उलटासुलटा करून हसला असतास आणि म्हणाला असतास, "तोंडानं सांग ना गा."

तोंडाने सांगायला नऊ महिने होते माझ्यापाशी.

आपली ओळख कधी झाली ते मला आठवत नाही, तुलाही आठवत नसावं. तू ढिवराचा, मी पोवाराचा. तुमच्या अंगणात जाळी वाळायची, आमच्या अंगणात धान. माझी आई तुला ओसरीखाली बसवून वाढायची आणि मी ओसरीवर बसून जेवायचो. त्याबद्दल आपण दोघे एकदाही बोललो नाही. जेवण झालं की आपण पळत तलावावर जायचो आणि तिथे मी तुझ्याहून कमी असायचो, कारण तू बुडी मारलीस की माझा श्वास संपायचा तरी तू वर यायचा नाहीस.

तुझा बाप गावाचा पाणकर होता. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, कधी सोडायचं, किती वेळ चालू द्यायचं, कधी तोडायचं, हे पाणकर ठरवणार आणि गाव ऐकणार. तुझ्या बापानंतर ते काम तुझ्याकडे आलं. तलावाच्या पाळीच्या, मातीच्या बंधाऱ्याच्या, पोटात दगडी मोरी आणि तिला लाकडाचं बूच. पाण्याखाली जाऊन ते बूच काढायचं आणि तसंच परत बसवायचं, हे गावात एकट्या तुला जमायचं. गावाची मालकी असलेल्या मालगुजाराच्या बांधीचंही पाणी तू वेळ झाली की तोडायचास. त्याच्या माणसांनी एकदा तुला दमात घेतलं, तेव्हा तू फावडं त्यांच्यापुढे ठेवलंस आणि म्हणालास, घ्या, तुम्हीच पाणी वाटा. ते फावडं त्यांनी उचललं नाही.

ज्या पावसाळ्यात माझे वडील अंथरुणाला खिळले, त्या पावसाळ्यात माझं धान तू राखलंस. मी त्यांना घेऊन गोंदियाला होतो. परत आलो तर रोवणी झालेली, बांध्या भरलेल्या, बांध नीट. फक्त एका बांधीच्या मधोमध तू चार काड्या रोवून ठेवल्या होत्यास. तिथे सारसाच्या जोडीने गवताचा ढीग रचून अंडी घातली होती. तेवढा तुकडा कापायचा नाही, असं तू मला बजावलंस. मी कुरकुर केली. तू म्हणालास, ढीगभर धानातलं सूपभर सोड. मी सोडलं आणि पुढे दर वर्षी सोडत गेलो. खरं सांगतो, नंतर नंतर मीच रोज सकाळी जाऊन पाहायला लागलो, अंडी फुटली की नाही ते.

मग मालगुजारी गेली. आपण आनंदाने गूळ वाटला. तलाव सरकारचा झाला. पण दर उन्हाळ्यात मालगुजार गाव गोळा करून गाळ काढायला लावायचा, पाळीवर माती टाकायला लावायचा, ते काम कोणाचं झालं हे कोणाला कळलं नाही. तू घरोघर सांगत फिरलास. लोक म्हणाले, आता तलाव आपला कुठे, सरकारचा आहे. पहिल्या वर्षी दहा-बारा माणसं आली, दुसऱ्या वर्षी चार. मागच्या वर्षी तू, सखूवहिनी आणि तुमच्या ढिवरपुऱ्यातले दोघे म्हातारे. मीही आलो नाही. त्या दिवशी मी बैल विकत घ्यायला बाजारात गेलो होतो.

तर असा गाळाने अर्धा भरलेला तलाव, आणि त्यात ते वर्ष. रोवणीपुरता पाऊस झाला. पोळ्याला आभाळ होतं, म्हणून बैल सजवताना आपण खुशीत होतो. पोळ्यानंतर आभाळ निघून गेलं ते गेलंच. हस्त कोरडा गेला. बांधीतलं पाणी आटलं, मग चिखल आटला, मग चिखलाला अशा भेगा पडल्या की त्यात आपली टाच जायची. धान पोटरीला आलेलं होतं. आठ-दहा दिवसांत पाणी मिळालं तर लोंबी भरणार, नाही तर नुसता पेंढा, तनस. तलावात कमरेच्या वर पाणी फक्त मधल्या भागात राहिलं होतं.

पिंपळाखाली गाव बसलं तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. सगळ्यांचं म्हणणं होतं, मोरी उघडा. तू एकटा नाही म्हणत होतास. तू मातीत बोटाने तलाव काढून दाखवलास आणि समजावून सांगितलंस की हे पाणी सगळ्या बांध्यांना पुरणार नाही. पाट कोरडा आहे, अर्धं पाणी पाटच पिऊन टाकेल. वरच्या बांध्या जेमतेम भिजतील, खालच्यांना थेंब मिळणार नाही. आणि मोरी उघडली तर पौषात तलाव कोरडा. मग ढोरांनी काय प्यायचं?

लोक गप्प होऊ लागले होते. ते तुझं ऐकतील असं मला दिसलं. माझ्या सगळ्या बांध्या वरच्या अंगाला, पाळीला लागून. मला माझं धान डोळ्यांसमोर दिसत होतं. मी उभा राहिलो. मी शिकलेला, लोक माझं ऐकतात. मी बोललो की हातचं पीक सोडून पुढच्या उन्हाळ्याची चिंता करणं हा शहाणपणा नाही, पाऊस अजून येऊ शकतो, वगैरे. तू मध्येच मला म्हणालास, "हिरा, धान तं एका सालाचा हाय. ढोर मेला तं पुढच्या साली नांगर कोन ओढंन?"

तू बरोबर आहेस हे मला तेव्हाच कळलं. तरी मागे हटायचं नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुले काय कारजी? तुले शेती नाई. तुले तुया मासोऱ्या राखाच्या हायेत."

लोक हसले. फार नाही, दोघे-तिघेच. तू माझ्याकडे पाहिलंस, पाहत राहिलास, आणि मग उठलास. मला वाटलं, आता भांडशील. तू सरळ तलावावर गेलास, सदरा काढून पाळीवर ठेवलास आणि पाण्यात उतरलास. बूच तूच काढलंस. गावाचं म्हणणं पडलं तर पाणकराने मोरी उघडायची, एवढंच तू पाळलंस. नऊ दिवस तू त्या पाण्याबरोबर फावडं घेऊन चाललास, भेगा बुजवत, कडेची माती ओढत. तू सांगितलं होतंस तसंच झालं. माझ्या बांध्या भिजल्या. माझ्या खालच्या चार घरांच्या अर्ध्यामुर्ध्या. त्याच्या खाली पाणी पोचलंच नाही. आणि माझं धानही उशीर झाल्याने निम्मं पोचट निघालं. खालचं सगळं तनस झालं. त्या तनशीतही दम नव्हता, ढोरं ती हुंगून बाजूला व्हायची.

पौषात तलावाचा तळ दिसला. मधल्या डबक्यात मासोळ्या इतक्या दाटल्या की पाणी उकळतंय असं वाटायचं. आजूबाजूच्या चार गावांची माणसं टोपल्या घेऊन आली आणि दोन दिवसांत सगळं नेलं, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. तू त्या डबक्यात उतरला नाहीस. सखूवहिनीने विचारलं तेव्हा तू तिला म्हणालास की मासोळीचं बी नेऊन राहिले, खाऊ दे. मला हे तिने आता सांगितलं.

सारसाची जोडी तेव्हा चिखलाच्या काठाला उभी असायची. त्या वर्षीचं त्यांचं एक पिल्लू होतं, त्याला अजून उडता येत नव्हतं. एका सकाळी पिल्लू नव्हतं, कोल्ह्याने ओढून नेल्याची खूण होती. त्यानंतरही चार दिवस ती जोडी तिथेच फिरत राहिली आणि मग उठून गेली. तू मला हात करून ती कोणत्या दिशेला गेली ते दाखवलंस. सभेनंतर तू माझ्यासाठी केलेली ती पहिली खूण. बोलला मात्र नाहीस.

फाल्गुनात विहिरींनी तळ गाठला. गावातली चाळीसेक ढोरं घेऊन देवरीकडच्या जंगलात जायचं ठरलं, तिथल्या नाल्यात पाणी आहे असं ऐकलं होतं. गावाची ढोरं राखणारा गायकी म्हातारा, त्याच्याने होणार नव्हतं. तू स्वतःहून निघालास. तुझं एकही ढोर नव्हतं त्यात, मंगरू. माझे दोन बैल आणि एक गाय होती. मला लाज वाटली म्हणून मी सोबत आलो. लाज वाटली म्हणूनच, प्रेमाने आलो असं आता लिहिणार नाही.

पाच दिवस आपण चाललो. वाटेत दोन गाई बसल्या त्या उठल्या नाहीत. नाल्यात पाणी नव्हतं, वाळू होती. तू वाळूवर पालथा पडून कान लावलास, उठलास, दहा पावलं गेलास, पुन्हा पडलास. मग एके जागी खणायला लागलास. हातभर खोल ओल लागली, कमरेइतकं खणल्यावर पाणी झिरपायला लागलं. त्या झिऱ्यातून टोपलीने पाणी उपसून आपण एकेका ढोराला पाजत होतो. सगळ्यांना एक एक घोट व्हायला सकाळची दुपार व्हायची. चारा म्हणून पळसाची पानं तोडायची, तीही वाळलेली.

तिथे तिसऱ्या दिवशी भर दुपारी चितळं आली. सात-आठ असतील. माणूस दिसतो, ढोरं दिसतात, तरी ती पळत नव्हती. बरगड्या मोजाव्यात अशी. झिऱ्यापासून पंधरा पावलांवर उभी राहून ती फक्त बघत होती. मी काठी उचलली. तू माझा हात धरलास. मी म्हणालो, आपल्या ढोरांनाच पुरत नाही. तू खाली वाळूत दुसरा झिरा खणायला बसलास, संध्याकाळपर्यंत खणत होतास. सकाळी त्यात खुरांचे ठसे होते आणि काठावर दोन चितळं मरून पडलेली. पोटभर पाणी प्याली आणि मेली. उपाशी पोटाला पाणीही झेपलं नाही. तू त्यांच्याजवळ बराच वेळ बसलास. मला वाटतं, त्याच दिवशी तुझ्यातलं काहीतरी बसलं, जसं ढोर बसतं तसं.

माझा धौऱ्या बैल अकराव्या दिवशी गेला. आपण दोघांनी बांबू घालून त्याला उचलायचा प्रयत्न केला. तो उभा राहिला, चार पायांवर थरथरला आणि माझ्याच अंगावर कलंडला. तू मला त्याच्याखालून ओढून काढलंस. मी रडत होतो. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. तेव्हा बोलायचं होतं मला. तेव्हा म्हणायला पाहिजे होतं की मंगरू, त्या दिवशी पिंपळाखाली मी जे बोललो ते हलकटपणाचं होतं. मी म्हणालो, "दुसरा बैल तरी वाचंन का?" आणि तू म्हणालास, "पाहू."

दुसऱ्या दिवशी मी घरी निघालो. बायकोला ताप आहे असा निरोप आला होता. निरोप खरा होता, पण ताप मी पोचायच्या आधीच उतरला होता. मी परत येऊ शकत होतो. आलो नाही. उद्या जाऊ म्हणत म्हणत चैत्र गेला, वैशाख गेला. मला ते डोळे पाहवत नव्हते, ढोरांचे. तुझेही.

ज्येष्ठात तू सात ढोरं घेऊन आलास. माझा दुसरा बैल त्यात नव्हता, गाय होती. तिचं दावं तू माझ्या हातात दिलंस. तू इतका वाळला होतास की गावातल्या बायांनी तुला आधी ओळखलंच नाही. त्या झिऱ्याचं पाणी शेवटी शेवटी हिरवं झालं होतं, आणि तू ते ढोरांच्या आधी स्वतः पिऊन बघायचास, असं मी निघून आल्यावर तुझ्यासोबत शेवटपर्यंत राहिलेल्या तिथल्या एका गोंड गड्याने सांगितलं. आल्याच्या चौथ्या दिवशी तुला हागवण लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या. वैद्याने काढा दिला. अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यात न्यायचं तर बैलगाडी पाहिजे. गावात गाड्या वीस होत्या. जुंपायला बैल नव्हते. आम्ही खाट खांद्यावर घेऊन निघायचं ठरवलं तर तूच नको म्हणालास. पाणी दे म्हणालास, आणि पाणी पोटात राहत नव्हतं.

मी तीन दिवस तुझ्या उशाशी होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी तू शुद्धीवर होतास. घरात आपण दोघेच. मी म्हणालो, मंगरू, मला तुला काही सांगायचं आहे. तू माझ्याकडे वळलास. आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं की गाय पान्हावली आहे, थोडं दूध देऊन राहिली आहे, तुझ्यासाठी आणतो. तू मान हलवलीस. दूध घेऊन मी परत येईपर्यंत सखूवहिनीचा आवाज रस्त्यापर्यंत आला होता.

तेरवीनंतर आठवडाभराने सखूवहिनी गोंदियाला जायला निघाली. तिचा भाऊ तिकडे बिडीच्या कामावर आहे. ढिवरपुऱ्यातली तीन घरं आधीच गेली. तलावात मासोळी नाही आणि शेतात मजुरी नाही, तर ते इथे राहून काय करणार? मी तिचं गाठोडं घेऊन स्टेशनपर्यंत चालत गेलो. छोट्या लायनीची गाडी यायला वेळ होता. आम्ही लिंबाखाली बसलो. तिथे मी तिला विचारलं, मंगरू कधी त्या सभेबद्दल, माझ्या त्या बोलण्याबद्दल काही म्हणाला का. मला वाटलं, ती म्हणेल नाही, विसरले ते. किंवा म्हणेल, फार राग होता तुमच्यावर. यातलं काहीही मी घेतलं असतं.

तिने साधेपणाने सांगितलं, "बोलले ना भाऊजी, एकदाच. म्हनाले, हिरा खरा बोलला, आपल्याले शेती नाई."

गाडी आली. मी तिला डब्यात बसवून दिलं, गाठोडं वर दिलं. तिने मला नमस्कार केला. मला तिच्याकडे पाहता आलं नाही.

मंगरू, आता आषाढ अर्धा झाला. पाऊस या वर्षी वेळेवर आहे, चांगला आहे. तलावात छातीभर पाणी चढलं आहे. पण नांगर कशाला जुंपायचा? गावात सात ढोरं, त्यातही बैल दोनच, तेही चालवले तर बसतात. बियाण्याचं धान लोकांनी वैशाखातच रांधून खाल्लं. मी दवनीवाड्याच्या सासुरवाडीहून एक कुडव बी मागून आणलं आणि नवराबायकोने कुदळीने एक बांधी खणून ते टाकलं. बाकीच्या बांध्यांत गवत माजलं आहे, ते खायला ढोरं नाहीत. सकाळी पाटील भेटले, म्हणाले, नवा पाणकर नेमायला पाहिजे. मी म्हटलं, हो. या वर्षी कोणीही पाणी मागितलेलं नाही, हे त्यांनाही माहीत होतं. ते छत्री उघडून घरी गेले आणि मीही आलो.